इनेझबायची पोर्ट

माझी थोरली जाऊ इनेझ. वसईतलं आमचं पापडी गाव सगळं तिला इनेझबाय म्हणायचं, मीपण तेच म्हणायचे. आता ती नाही, तिचा नवराही नाही. कुठं लग्नाकार्याला गेलं की लोक मला विचारतात, "तुमची ती वाईनवाली जाऊ कशी गेली हो?" असा राग येतो मला! वाईनवाली काय? बाई जन्मभर वाडीत राबली, केळी लावली, पानवेली सांभाळल्या, माझी तीन पोरं कडेवर घेऊन वाढवली. आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर वाईन! पण बोलून तरी काय उपयोग, ती वाईन होतीच तशी. एकदा प्यायलेला माणूस पुढच्या नाताळाला न बोलावता यायचा.

आधीच सांगून ठेवते, आमची घरातली बोली वेगळी आहे. ती जशीच्या तशी बोलत बसले तर तुम्हाला निम्मंसुद्धा कळायचं नाही, म्हणून शाळेतल्या मराठीत सांगते. मध्येच कुठं 'पानी' आलं तर हसू नका.

इनेझबाय अंगानं थोराड, रंगानं सावळी, आणि हसायला लागली की पोट धरून खाली बसायची. पावसाच्या तोंडाला जांभळाची वाईन घालायची, पाऊस सरला की मनुकांची, आणि थंडीच्या आधी आल्याची. चिनी मातीच्या बरण्या माजघरात कोपऱ्याला ओळीनं मांडलेल्या. रोज सकाळी देवळातून, म्हणजे आमच्या चर्चमधून, आली की प्रत्येक बरणीला कान लावायची. आत फसफस चालू असली की म्हणायची, "अजून बोलतेय. हिला निजू दे." बरणी गप्प झाली की मगच फडकं सोडायचं. मी कान लावला तर मला काहीच ऐकू यायचं नाही. मग ती म्हणायची, "बेला, तू आधी स्वतः गप्प बस, मग ऐकू येईल." मला! मी काय एवढी बोलते?

आगमनकाळ लागला, म्हणजे नाताळाच्या आधीचे ते चार आठवडे सुरू झाले, की गल्लीतल्या बायका आपापल्या बाटल्या पदराखाली लपवून आमच्याकडे यायच्या. इनेझबाय चमचाभर जिभेवर घ्यायची, डोळे मिटायची आणि सांगायची, ही नाताळच्या जेवणाला काढ, ही ईस्टरपर्यंत हलवू नकोस, आणि ही... ही तुझ्या नणदेच्या नवऱ्याला दे. शेवटचं ऐकलं की समजायचं, वाईन बिघडली. बाई मात्र हसत हसत घरी जायची.

तिचा नवरा, म्हणजे माझे थोरले दीर ज्युलियस, मुंबईत एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर बटलर होते. लग्नाच्या आधीपासूनचं काम ते. आता बटलरचं काम म्हणजे काय, तर ज्या दिवशी सगळ्या जगाला सण त्या दिवशी याला मरणाचं काम. साहेबाकडे नाताळची मेजवानी असायची, नव्या वर्षाची असायची, ईस्टरची असायची. भाऊजी घरी यायचे ते सण शिळा झाल्यावर. दोन रात्री राहायचे, झोपायचे, पुन्हा गाडीला. पापडीतल्या देवळात नवऱ्याबरोबर नाताळची मिसा, म्हणजे सणाची मोठी प्रार्थना, ऐकायला मिळाली नाही, अशी आमच्या गल्लीत एकच बाई होती. तिनं कधी तोंडानं म्हटलं नाही. मीच म्हणायचे, आणि तीच मला गप्प करायची.

देश स्वतंत्र झाला आणि वर्षभरात साहेबानं गाशा गुंडाळला. जाताना भाऊजींना एक लाकडी खोकं देऊन गेला, आणि खोक्यात बाटल्या. शेरी, क्लॅरेट, पोर्ट, सगळ्या विलायती वाईनी. बैलगाडीतून ते खोकं घरी आलं तेव्हा भाऊजी गाडीत बसले नव्हते. गाडीच्या मागून चालत आले, एक हात खोक्यावर ठेवून. माझ्या सासूनं, आयनं, दारातून बघितलं आणि म्हणाली, "येवडी काळजी बायकोची केली असती तर बरं झालं असतं." आयच्या जिभेला हाड नव्हतं. माझ्याही नाही, पण माझं सोडा.

तर असा तो अठ्ठेचाळीस सालचा नाताळ. शनिवारी नाताळ, लगेच रविवार, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून घरात सुट्टीच सुट्टी. आणि भाऊजी घरात! लग्नाला वीस वर्षं झाली होती त्यांच्या, आणि नाताळाला नवरा घरात असायची ही इनेझबायची पहिली वेळ. बाई चाळिशीला आलेली, पण महिनाभर आधी तिनं भिंती सारवल्या, बाळ येशूच्या गव्हाणीला नवा पेंढा आणला, आणि गाणी म्हणत सुटली. मी चिडवायचे, "नवरी!" तर पाठीत धपाटा घालायची.

माझा नवरा डॉमनिक रेल्वेत होता. डिसेंबर लागता लागता त्यानं बातमी आणली की नव्या वर्षात सरकार सगळीकडे दारूबंदी करणार. मिसेच्या वाईनला तेवढी सूट असेल म्हणे, बाकी घरात बाटली सापडली की पोलीस. खरं किती, खोटं किती, कोणाला ठाऊक? पण गल्लीत एकच घबराट उडाली. जे काय घरात आहे ते या नाताळाला संपवा! कधी नव्हे ते पुरुषांना सरकारचं म्हणणं एकदम पटलं.

मग कुठल्या दिवशी काय काढायचं, ते ठरवायचं काम आलं. एरवी हे काम इनेझबायचं. पण आता घरात बटलर! गुरुवारी सकाळी भाऊजींनी ओट्यावर टेबल मांडलं, त्यावर पांढरी चादर घातली, आणि साहेबाच्या सगळ्या बाटल्या ओळीनं उभ्या केल्या. शेजारी इनेझबायच्या वाईनी. स्वतः हात मागे बांधून समोर उभे. मला हसू आवरेना.

"शुक्रवारी मध्यरात्रीच्या मिसेहून आल्यावर शेरी," भाऊजी म्हणाले.

"आल्याची," इनेझबाय म्हणाली.

"अगं, साहेबाकडे जेवणाच्या आधी..."

"साहेबाला पहाटेच्या थंडीत देवळातून चालत यावं लागायचं का? मोटर होती त्याला. आल्याचीच."

आल्याची ठरली. शनिवारी दुपारच्या जेवणाला डुकराचं इंद्याल, म्हणजे शिरक्यातलं आंबट-तिखट कालवण, त्याबरोबर भाऊजींची क्लॅरेट. रविवारी इनेझबायचा भाऊ नंदाखालहून येणार, म्हणून जांभळाची, कारण तो दुसऱ्या कशाला तोंड लावायचा नाही. दोघांचं असं छान भांडण चाललं होतं. ती एक बोलायची, ते एक बोलायचे, मग तीच हसून सोडून द्यायची. मी आत भाकऱ्या थापत होते आणि मला वाटत होतं, देवा, हे असं वीस वर्षं का नाही दिलंस यांना?

आणि मग भाऊजींनी ती बाटली उचलली.

त्या बाटलीचं आता सांगायलाच पाहिजे. आमच्या घरांत एक पद्धत होती. मुलगी लग्न होऊन निघाली की तिची आई तिच्या पेटीत एक पोर्टची बाटली घालायची. ही बाळंतपणाची पोर्ट. पहिलं मूल झालं की ती उघडायची, आणि सव्वा महिना रोज संध्याकाळी बाळंतिणीला लहानशा पेल्यातून द्यायची. अंगात रक्त भरतं, दूध येतं असं म्हणायचे. ती फक्त बाळंतिणीची. दुसऱ्या कोणी चाखायची नाही, आणि पुरुषांनी तर त्या बाटलीकडे बघायचंसुद्धा नाही. माझी मेरी झाली तेव्हा माझ्या आईची बाटली इनेझबायनंच उघडली. ती रोज माझं डोकं मांडीवर घेऊन मला पोर्ट पाजायची आणि दुसऱ्या हातानं पोरीला थोपटायची. मी तेव्हा वयानं लहान, अक्कल त्याहून लहान. तिला विचारलं, "इनेझबाय, तुझी कुठाय?" तिनं मला पेटी उघडून दाखवली. तळाशी, मऊ धुतलेल्या जुन्या लुगड्याच्या कापडात गुंडाळून, आडवी निजवलेली. बाळाला गुंडाळायला ठेवतात ना, तसलं कापड. मग ती म्हणाली, "हिची वेळ यायचीय अजून." माझी दुसरी पोर झाली, तिसरा मुलगा झाला, पण तिच्या पेटीतली बाटली काही हलली नाही. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

ती बाटली टेबलावर कशी आली? आयमुळे! बुधवारी संध्याकाळी आय चुलीपाशी बसली होती. बसल्या बसल्या म्हणाली, "इनेझ, तुजी ती बाटली पन आन. पोलिसानं येऊन फोडन्यापरीस घरात पिलेली बरी. आता तिचा काय उपेग?"

माझा हात पिठात तसाच राहिला. आय काही वाईट मनाची नव्हती हो. तिला खरंच तसं वाटलं होतं, जुनी चादर फाडून पोतेरं करावं तसं. इनेझबाय उठली, पेटी उघडली, बाटली आणून बाकीच्या बाटल्यांत ठेवली. मी तिला मागच्या पडवीत गाठलं.

"इनेझबाय, देऊ नकोस ती."

"अगं, बाटलीच तर आहे."

"मग पदर कशाला एवढा घट्ट लपेटलायस?"

"थंडी आहे."

"वसईत कसली आलीय मेली थंडी! भाऊजींना सांग. नाहीतर मी सांगते."

तिनं माझं मनगट धरलं. "माझी शपथ आहे तुला बेला. त्यांचा घरातला पहिला नाताळ आहे. त्यांना काही कळायला नको. आणि आय खरंच बोलली. आता काय, माझं वय गेलं." एवढं बोलून ती हसली. त्या हसण्यावर मला इतकं रडू आलं की मी तिलाच दोन शिव्या घातल्या.

तर ती बाटली भाऊजींनी उचलली. बाटलीवरची चिठ्ठी कसरीनं खाल्लेली, बुचावरची लाख मात्र शाबूत. त्यांनी ती उजेडात धरली, हळूच तिरकी केली. त्यांचा चेहराच बदलला.

"ही कुठून आली?"

"घरातलीच," इनेझबाय म्हणाली.

"आणि आडवी ठेवलेली दिसते. बूच कोरडं पडलेलं नाही. कोणी ठेवली एवढी नीट? साहेबाच्या खोक्यात अशी एक नाही!" त्यांनी बाटली पांढऱ्या चादरीच्या मधोमध उभी केली. "हिला आता हात लावू नका कोणी. दोन दिवस उभी राहिली की गाळ खाली बसेल. शनिवारी जेवण झालं की शेवटी ही. सगळ्यांना. एवढी जुनी पोर्ट मी साहेबाच्या टेबलावर वाढलीय, स्वतःच्या घरात कधी नाही."

त्यांना इतका आनंद झाला होता! आणि त्या आनंदाकडे बघत इनेझबाय म्हणाली, "बरं झालं, तुमच्या उपयोगी पडली." मी भाकरी तव्यावर टाकली ती करपली. आयनं मला बोल लावला. मी म्हटलं, करपू दे, सगळंच करपू दे.

शुक्रवारची मिसा झाली. देवळात पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, पण इनेझबाय सारखी मान वळवून पुरुषांच्या बाजूला बघत होती. नवरा आहे की नाही याची खात्री करत होती. घरी येऊन सगळ्यांनी आल्याची घेतली. भाऊजी म्हणाले, "तुझंच बरोबर होतं." तिचा चेहरा फुलला. आणि माझ्या डोक्यात एकच, उद्या दुपारी ती बाटली फुटणार. एकदा बूच निघालं की ती पोर्ट काय पुन्हा आत घालता येते? वीस वर्षं जपलेली बाईची आस, ती इंद्यालावर ढेकर देत सगळे पिणार, आणि ती हसत हसत पेले विसळणार.

शनिवारी सकाळी आणखी एक गंमत झाली. भाऊजींनी क्लॅरेट उघडून चुलीच्या बाजूला ठेवली, तिला म्हणे हवा लागायला पाहिजे. आयनं बोट बुडवून चाखली आणि थू थू केलं. "आंबली गं बाय! ज्युलियसला साहेबानं फसवला." आणि शिरका समजून सगळीच्या सगळी इंद्यालाच्या हंडीत ओतली! भाऊजी पेले पुसून आले तर बाटली रिकामी. त्यांनी ती उलटी करून बघितली. "आय, ती वीस वर्षांची..." आय म्हणाली, "मंग बिघडनारच की!" इनेझबाय पोट धरून जमिनीवर बसली, आणि तिला बघून भाऊजीसुद्धा हसायला लागले. खोटं कशाला बोलू, तसं इंद्याल आमच्या घरात पुन्हा कधी झालं नाही. फुगे, म्हणजे आमचे तळलेले गोल पाव, बुडवून बुडवून डॉमनिकनं इतकं खाल्लं की त्याला उठता येईना.

जेवण संपत आलं. भाऊजी उठले, पांढरा कोट चढवला, आणि ती बाटली दोन्ही हातांनी धरून मागच्या पडवीत गेले. तिथं त्यांनी मलमलीचं फडकं, काचेचा जग, बूच काढायचा स्क्रू, सगळं मांडून ठेवलं होतं. मी इनेझबायकडे बघितलं. ती मेरीच्या ताटात भात वाढत होती. तिला आणखी नको होता, पोरगी नको नको म्हणत होती, आणि ही वाढतच होती.

माझ्यानं बसवेना. शपथ तर शपथ! मनात म्हटलं, देवा, मोडते मी, माझं काय व्हायचं ते तू बघून घे. उठले आणि पडवीत गेले. भाऊजी लाख खरवडत होते.

"भाऊजी, ती उघडू नका."

"का गं? काय झालं?"

"ती टेबलाची नाही. तिच्या आईनं दिलेली आहे. बाळंतपणाची."

त्यांच्या हातातला स्क्रू तसाच राहिला. घरातलाच माणूस तो, बाळंतपणाची पोर्ट म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगायला लागलं नाही. ते बाटलीकडे बघत राहिले. मग एकदम डोळे दुसरीकडे वळवले, पद्धत आठवल्यासारखे.

"अजून होती तिच्याकडे?"

"पेटीत होती. आयनं काढायला लावली. आणि तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली तिनं. तुमचा नाताळ बिघडायला नको म्हणून!" मी रडत होते आणि भांडतही होते. मला दोन्ही एकदमच येतं.

ते चौरंगावर बसले. बटलर माणूस, घरातसुद्धा उभं राहायची सवय, मी त्यांना असं मध्येच बसलेलं कधी बघितलं नव्हतं. थोड्या वेळानं उठले, खोक्यातली दुसरी पोर्ट काढली, ती उघडली आणि आत घेऊन गेले.

सगळ्यांचे पेले भरले. आयनं चाखली आणि विचारलं, "ती जुनी कुटं हाय? येवडं कवतिक केलंस तिचं."

"ती आज नाही, आय."

"मंग कदी? पोलीस आल्यावर?"

"ती माझ्या बायकोची आहे," भाऊजी म्हणाले. "तिची तिलाच राहू दे."

डॉमनिकचा घास तोंडातच राहिला. आमच्या घरात पुरुष सगळ्यांसमोर असं बोलत नसत. आयनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच असं झालं की आय गप्प बसली. इनेझबाय उठून ताटं गोळा करायला लागली. डॉमनिकचं जेवण व्हायचं होतं, तरी त्याचं ताट तिनं उचललं.

दुपारी सगळे आडवे झाले. मी पडवीत पेले पुसत होते. मागं बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठाला, केळींच्या सावलीत, इनेझबाय राखेनं हंडी घासत बसली होती. तिथं भाऊजी गेले. कोट अंगात होता, एका हातात घरातली खुर्ची, दुसऱ्या हातात ताट. ताटात ती बाटली आणि एक लहान पेला. मी उठून जायला पाहिजे होतं. नाही गेले. जाववेना मला.

त्यांनी खुर्ची मांडली. "बस," म्हणाले.

"हात राखेचे आहेत."

"असू दे."

"कोणी बघेल."

"बघू दे गं. बस."

ती बसली, पार कडेला, उठायच्या तयारीत. त्यांनी बूच काढायला घेतलं. जुनं बूच, भुगा व्हायला लागलेलं. घाई केली असती तर मोडलं असतं. ते थोडं थोडं काढत होते आणि ती त्यांच्या हातांकडे बघत होती. मला वाटतं, त्यांना काम करताना तिनं त्या दिवशी पहिल्यांदाच बघितलं. मग त्यांनी पेला भरला, ताटात ठेवला, आणि डावा हात पाठीमागे घेऊन, जरा वाकून तिच्यासमोर धरला.

"हे काय? मी काय बाळंतीण आहे?" ती म्हणाली.

"तुझ्या आईनं तुला दिलीय. मूल झालं तरच द्या असं म्हणाली होती का ती?"

"तसंच असतं."

"असू दे. साहेबाला रोज वाढलं, त्याच्या पाहुण्यांना वाढलं, त्याच्या कुत्र्यालासुद्धा ताटली मांडली मी. तुला कधी पाणी दिलं नाही. घे."

तिनं पेला उचलला. एक घोट घेतला आणि डोळे मिटले. गल्लीतल्या बायकांची वाईन चाखताना मिटायची तसे नव्हे. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"मला मूल हवं होतं हो," ती म्हणाली.

या घरात आल्यापासून मी तिच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. भाऊजींनी ताट खाली ठेवलं.

"मलापण हवं होतं, इनेझ."

"कधी म्हणाला नाहीत."

"कुठल्या तोंडानं म्हणणार? मला भीती वाटायची. विषय काढला तर तू विचारशील, तुम्ही होतात कुठे."

"मी विचारलं असतं का कधी?"

"विचारायला पाहिजे होतंस."

तिनं पेला दोन्ही हातांत धरलेला, हातांची राख पेल्याला लागलेली.

"मग आता विचारते," ती म्हणाली. "कुठे होतात तुम्ही?"

भाऊजी खाली बसले. पांढऱ्या कोटासकट, तिच्या खुर्चीपाशी, ओल्या मातीत. त्यांनी काही सबब सांगितली नाही. साहेबाचं नाव घेतलं नाही, नोकरीचं नाव घेतलं नाही. तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि रडले. पुरुष रडताना मी तोपर्यंत मयताशिवाय बघितला नव्हता. ती त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होती, माझ्या पोरांच्या डोक्यावरून फिरवायची तसाच, सावकाश. त्यांचे केस राखेनं भरले.

मग तिनं पेला त्यांच्यापुढे केला.

ते मागे सरकले. "छे छे, ही पुरुषांनी घ्यायची नसते."

"घ्या," इनेझबाय म्हणाली. "न झालेलं मूल काय माझ्या एकटीचं होतं?"

त्यांनी तिच्या हातातून पेला घेतला आणि उरलेली पोर्ट प्यायले.